परदेशांतील वनौषधि-शिबिरें : निवड कोणी व कशी करावी ?

गेल्या चैत्रांत आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें. पत्र लांबलचक होतें. अक्षर वळणदार, पण शेवटच्या पानावर बिघडलेलें. त्यांचा धाकटा मुलगा जर्मनींत इंजिनियर आहे, वय एकतीस. दोन वर्षांपासून त्याच्या मनास उदासीनतेनें घेरलें असून तेथील डॉक्टरांच्या सल्ल्यानें तो रोज एक गोळी घेतो. गोळीनें झोप येऊं लागली, कामावर जाणें जमूं लागलें. पण आंतून कांहींच हालत नाहीं अशी त्याची तक्रार आहे. अलीकडे त्यानें तीन शिबिरांचीं पत्रकें मिळवून आपल्या वहिनीस पाठविलीं, आणि वहिनीनें तीं सासूबाईंस वाचून दाखविलीं. एक शिबिर पेरू देशाच्या अरण्यांत, दुसरें हॉलंडमध्यें, आणि तिसरें अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यांत. तिन्ही ठिकाणीं मनावर विलक्षण परिणाम करणारी एखादी वनस्पति देऊन मनाचे जुने घाव बरे करण्याचें आश्वासन आहे. बाईंचा प्रश्न एवढाच होता : या तिहींपैकीं कोणतें बरें?

हें पत्र वाचून आम्ही प्रथम चपापलों. 'तिहींपैकीं एकही नको' असें एका ओळीचें उत्तर धाडून मोकळें होणें सोपें होतें. परंतु स्वतःच्या कमाईवर उभा असलेला एकतीस वर्षांचा मुलगा आईच्या पत्रांतील एका ओळीनें थांबत नाहीं. फार तर तो घरीं सांगणें थांबवितो. आणि सांगणें थांबलें म्हणजे धोका कमी होत नाहीं, वाढतो. म्हणून या विषयाची जी खात्रीलायक माहिती आम्हांस आहे, ती येथें एकत्र मांडीत आहों. ज्या घरांतील मुलें परदेशीं आहेत त्यांस तिचा उपयोग होईलच; इतरांनींही लेखाचा शेवटचा भाग अवश्य वाचावा.

हीं औषधें करतात काय ?

ज्या वनस्पतींना हल्लीं सायकेडेलिक म्हणतात, त्या अफूप्रमाणें वेदना बधिर करीत नाहींत. कांहीं तासांपुरती त्या मनाची नेहमींची घडीच मोडून टाकतात. रंग, आकृति, विसरलेल्या आठवणी, गेलेल्या माणसांचीं मुखें, अकारण भय आणि अकारण आनंद, हें सारें एका बैठकींत येऊन जातें. मोडलेली घडी नव्यानें नीट घालतां येईल, ही या उपचारामागची आशा. आणि कांहीं जणांची घडी पुन्हां बसतच नाहीं, हें त्यामागचें भय.

या आशेस शास्त्राचा आधार मुळींच नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. सन २०२२ मध्यें 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकांत एका मोठ्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. इतर औषधांनीं गुण न आलेले असे उदासीनतेचे २३३ रुग्ण त्यांत होते. कांहीं जातींच्या अळंब्यांत सांपडणारें सायलोसायबिन हें द्रव्य त्यांस निरनिराळ्या मात्रेंत एकेकदांच देण्यांत आलें. २५ मिलिग्रॅमची पूर्ण मात्रा घेतलेल्यांपैकीं सुमारें ३७ टक्के लोकांस तीन आठवड्यांनीं ठळक गुण दिसला. नांवापुरती १ मिलिग्रॅम मात्रा घेतलेल्यांत हें प्रमाण सुमारें १८ टक्के होतें. मात्र बारा आठवडे टिकलेला गुण पूर्ण मात्रेच्या गटांतही पांचांपैकीं एकासच मिळाला, आणि कांहीं रुग्णांच्या मनांत आत्मघाताचे विचार आल्याचीही नोंद झाली. तेव्हां यास अमृत म्हणूं नये आणि थोतांडही म्हणूं नये. शिवाय हा गुण निवडून घेतलेल्या रुग्णांस, प्रयोगशाळेंत मोजलेल्या मात्रेनें, शिकलेल्या माणसांच्या देखरेखीखालीं आला होता. शिबिरांचीं पत्रकें प्रयोगाचा आंकडा सांगतात. प्रयोगाची शिस्त आपल्याकडे किती आहे हें सांगत नाहींत.

अळंबीं : खेड्यांतून शिबिरांत

हॉलंड आणि ऑरेगॉन या दोन्ही ठिकाणचें औषध मूळ एकच, सायलोसायबिन. बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता लागला तो मेक्सिकोंतील ओआहाका प्रांतांत, वाउत्ला दे हिमेनेझ या डोंगराळ गांवीं. तेथें मारिया साबिना नांवाची एक माझातेक स्त्री रात्रभर जागरण करून, मंत्रगायनाच्या साथीनें, आजाऱ्यांसाठीं अळंबीं देत असे. सन १९५५ मध्यें गॉर्डन वॉसन नांवाचा न्यूयॉर्कचा एक पेढीवाला तिच्याकडे गेला, आणि १९५७ सालीं त्यानें 'लाइफ' साप्ताहिकांत तो अनुभव छापला. बाईचें नांव त्यानें बदललें होतें. तरी लोकांनीं गांव शोधून काढलेंच. पुढें परदेशी तरुणांची तेथें रीघ लागली, पोलिसांचा ससेमिरा लागला, गांवकऱ्यांचा रोष झाला, बाईचें घर जाळण्यांत आलें. पूर्वीं रोगनिवारणासाठींच घेतली जाणारी वस्तु कुतूहलासाठीं खाल्ली जाऊं लागली, याची खंत ती शेवटपर्यंत बोलून दाखवीत असे. १९८५ सालीं ती दारिद्र्यांतच वारली.

याच वॉसननें १९६८ सालीं ग्रंथ लिहून ऋग्वेदांतील सोम म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचें एक तांबडें अळंबें होय असें मत मांडलें. पुष्कळ पंडितांस तें पटलें नाहीं. १९८९ मध्यें दोघां अभ्यासकांनीं हरमल या झुडपाचा पक्ष पुढें केला. हा वाद मिटलेला नाहीं आणि आम्ही त्यांत पडत नाहीं. परंतु ज्यांनीं सोमयागाविषयीं वाचलें आहे त्यांस एक गोष्ट आठवेल. यजमानाची दीक्षा, व्रत, सोळा ऋत्विज आणि शेजारीं यजमानपत्नी, एवढ्या परिवारामध्यें तो रस पिळला जाई. माझातेक स्त्रीच्या झोपडींतही आजारी माणसाबरोबर त्याचे आप्त बसत. द्रव्य कोणतेंही असो, तें घेणाऱ्याभोंवतीं जबाबदार माणसांचें कडें असे. आजचें शिबिर पाहतांना पहिला प्रश्न हाच विचारावा : हें कडें कोणाचें आहे?

हॉलंडमध्यें या अळंब्यांवर २००८ सालीं बंदी आली. परंतु त्यांच्याच जातीची, जमिनींत वाढणारी गांठ, जिला तेथें ट्रफल म्हणतात, ती बंदीच्या यादींत आली नाहीं. तेथील शिबिरें या गांठीवर चालतात. युरोपांत राहणाऱ्यास तीं जवळचीं आणि कायद्याच्या आंतलीं. पण गांठ विकण्यास मोकळीक असणें निराळें, आणि आजारी मनावर उपचार करणाऱ्याची सरकारनें परीक्षा घेणें निराळें. अशी परीक्षा तेथें नाहीं. म्हणून एक शिबिर डॉक्टरांच्या सल्ल्यानें काटेकोर चाललेलें असेल, आणि शेजारचेंच केवळ सुंदर बंगला व मऊ गाद्या यांवर चाललेलें असेल.

ऑरेगॉनमध्यें २०२० सालीं जनतेनें मत देऊन निराळी वाट काढली, आणि २०२३ पासून तेथें परवानाधारक केंद्रें उघडलीं. एकवीस वर्षांवरील कोणासही तेथें जातां येतें. आधीं तयारीची बैठक सक्तीची. मग देखरेखीखालीं औषध. मग हवी असल्यास नंतरची बैठक. माल तपासलेला, मात्रेस मर्यादा घातलेली. ज्यानें गेल्या तीस दिवसांत लिथियम घेतलें असेल त्यास तेथें घेत नाहींत. कोलोरॅडो राज्यानेंही २०२२ सालीं मतदानानें अशीच वाट धरली. तीन शिबिरांत कायद्याचें कडें सर्वांत भक्कम तें येथें. पण दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. जवळ बसणारा मार्गदर्शक हा डॉक्टरच असेल असें नाहीं. १२० तासांचें शिक्षण आणि ४० तासांचा प्रत्यक्ष सराव ही त्याची किमान पात्रता आहे. दुसरें असें, कीं राज्यानें परवाना दिला तरी अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्यानें हें द्रव्य आजही निषिद्ध आहे. त्या देशाच्या व्हिसावर ज्याचें आयुष्य उभें आहे, त्यानें आधीं वकिलास विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये.

वेलीचा काढा

पेरूंतील शिबिराचें औषध निराळें आणि अधिक अवघड. क्वेचुआ भाषेंत 'आया' म्हणजे मृतात्मा आणि 'वास्का' म्हणजे वेल, त्यावरून आयावास्का. ही वेल आणि चाक्रुना नांवाच्या झुडपाचीं पानें एकत्र तासन् तास उकळून काढा करतात. रात्रीं गोल छपराखालीं सर्वांनीं बसावयाचें, वैद्यानें इकारो नांवाचीं गाणीं म्हणावयाचीं, आणि बहुतेकांस भडभडून वांत्या व्हावयाच्या, हा तेथील क्रम. वांतीस ते लोक शुद्धीच समजतात. उकायाली नदीकांठच्या शिपीबो लोकांत ही विद्या परंपरेनें चालत आली असून पेरू सरकारनें २००८ सालीं या परंपरागत उपयोगास राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. ब्राझीलमध्यें तर हा काढा प्रसादाप्रमाणें घेणारे पंथच आहेत.

या काढ्यांतली खुबी वाचकांनीं समजून घ्यावी, कारण धोकाही तिच्यांतच आहे. पानांतील डीएमटी हें द्रव्य नुसतें पोटांत गेलें तर शरीरांतील एक पाचक द्रव्य त्याचा तात्काळ नाश करतें. वेल त्या पाचकाचे हात बांधून ठेवते, म्हणून पानाचा परिणाम चार-सहा तास टिकतो. आतां उदासीनतेवरील पुष्कळशा गोळ्या मेंदूंतील सेरोटोनिन वाढविणाऱ्या असतात, आणि सेरोटोनिनचा निकाल लावणारा पाचकही तोच. गोळीनें एकीकडून पाणी सोडावयाचें आणि वेलीनें दुसरीकडून मोरी बुजवावयाची, असा प्रकार होतो. ताप, थरकांप, वाढलेला रक्तदाब, फेफरें, आणि वेळेवर उपाय न झाल्यास मृत्यु, येथपर्यंत मजल जाऊं शकते. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यासही हा काढा घातक ठरूं शकतो.

चिरंजीवांनीं पत्रकांतील सूचनेवरून गोळी दोन आठवडे आधीं आपली आपण सोडण्याचें ठरविलें होतें. हें वाचून आम्हांस सर्वांत अधिक धास्ती वाटली. फ्लुऑक्सेटीन या सर्वपरिचित गोळीचा अंश शरीरांतून निघण्यास पांच आठवडे द्यावे लागतात. आणि कोणतीही अशी गोळी एकाएकीं सोडली तर दबलेली उदासीनता उसळून येण्याची भीति असते. गोळी केव्हां, किती आणि सोडावी कीं नाहीं, हें ज्यानें ती दिली त्या डॉक्टरानेंच ठरवावयाचें. शिबिराच्या पत्रकास तो अधिकार नाहीं.

आणखी एक सावधगिरी. कांहीं काढेवाले मिश्रणांत तोए नांवाची वनस्पति घालतात. ती आपल्या धोतऱ्याच्या कुळांतली आहे. धोतरा काय करतो हें आमच्या वाचकांस सांगणें नको. तसेंच, वैद्य म्हणविणाऱ्या कांहीं पुरुषांनीं काढ्याच्या अमलाखालीं असलेल्या स्त्रियांवर अत्याचार केल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. स्त्रीनें एकटीनें अशा ठिकाणीं जाऊंच नये, आणि जेथें रात्रीं देखरेखीस एकही स्त्री नाहीं, तेथें सोबतीनेंही जाऊं नये.

निवडीबाहेरच्या दोन वनस्पति

या संदर्भांत आणखी दोन नांवें कानांवर येतात. पहिली इबोगा. आफ्रिकेंतील गॅबॉन देशांतल्या ब्विती पंथाची ही दीक्षेची मुळी. अफूच्या जातीचीं व्यसनें सोडविण्यासाठीं तिचा अर्क मेक्सिकोंतील कांहीं दवाखान्यांत देतात. परंतु त्यानें हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते आणि त्यांतून मृत्यु झालेले आहेत. हृदयाचा आलेख सतत पाहणारें इस्पितळ शेजारीं नसेल तर तिचें नांवही काढूं नये, आणि साध्या उदासीनतेसाठीं तर मुळींच नाहीं. दुसरी पेयोटी, मेक्सिकोच्या उत्तरेस व टेक्सासांत होणारें एक बुटकें निवडुंग. तें वाढावयास दहा-दहा वर्षें लागतात. त्याचा तुटवडा झाला आहे, आणि विशारिका व अमेरिकेंतील मूळ रहिवासी यांच्या उपासनेंत तें देवासमान आहे. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यांतील मोजके टांक उचलून आपल्या दुखण्यावर उगाळूं नयेत, इतकें आमच्या वाचकांस सहज पटेल.

येथेंच हेंही सांगून टाकूं, कीं आपल्या देशांत १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानें सायलोसायबिन, डीएमटी आणि पेयोटींतील मेस्कलीन हीं तिन्ही द्रव्यें निषिद्ध ठरविलीं आहेत. गोव्यास किंवा हिमालयांत असें शिबिर भरत असल्याचें कोणी कानांत सांगितलें, तर तेथें औषध काय आहे हा प्रश्नच गैरलागू आहे. कायदा मोडून बसलेला मनुष्य संकटांत डॉक्टरास बोलावील, हा भरंवसा धरतां येत नाहीं.

शिबिरास काय विचारावें ?

वेल कीं अळंबें, अरण्य कीं बंगला, यांपेक्षां खालील प्रश्नांचीं उत्तरें अधिक मोलाचीं आहेत. येण्यापूर्वीं चालू औषधांची यादी मागतां काय, आणि ती वाचणारा मनुष्य डॉक्टर आहे काय? माझ्या डॉक्टराशीं तुम्ही स्वतः बोलाल काय? रात्रीं दोन वाजतां कोणास झटका आला तर जवळचें इस्पितळ किती मिनिटांवर आहे आणि गाडी कोण हांकील? एका देखरेख्याकडे किती माणसें? औषधांत नेमकें काय काय आहे? परतल्यावर महिनाभरांत मन ढासळलें तर कोणाशीं बोलावयाचें? आणि शेवटचा, आमच्या मतें सर्वांत खरा प्रश्न : गेल्या वर्षीं तुम्हीं किती जणांस नकार दिलात? ज्या शिबिरानें कोणासच नकार दिला नाहीं, तें उपचार करीत नाहीं, खोल्या भाड्यानें देतें.

घरास काय विचारावें ?

आम्हीं बाईंस हे प्रश्न कळविले, आणि एक प्रश्न त्यांनाच केला. अशा अर्जांत बहुधा विचारलेलें असतें, कीं रक्ताच्या नात्यांत कोणास भ्रम, वेड किंवा उन्माद झाला होता काय? त्यापुढें चिरंजीवांनीं काय लिहिलें आहे?

हा प्रश्न औपचारिक नाहीं. अमेरिकेंतील व युरोपांतील प्रयोगांत स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद-उदासीनतेचा आलटून पालटून येणारा विकार ज्याच्या आईबाप-भावंडांत आहे, आणि पुष्कळदां चुलता, मामा, आजा यांपैकीं कोणास होता, अशा माणसास घेतच नाहींत. ज्या जमिनीखालीं भेग असण्याचा संभव आहे, तेथें सुरुंग लावूं नये, हें त्यामागचें साधें कारण.

आठ दिवसांनीं उत्तर आलें. मुलानें 'नाहीं' असें लिहिलें होतें, आणि तो खोटें बोलला नव्हता. त्याच्या वडिलांस एक धाकटे बंधु होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षीं त्यांस आवाज ऐकूं येऊं लागले. कांहीं वर्षें त्यांस माडीवरच्या खोलींत ठेवलें, पुढें दूरच्या एका इस्पितळांत, आणि तेथेंच ते वारले. घरांत दोन मुली लग्नाच्या होत्या; तेव्हां 'विरक्ति आली, उत्तरेकडे गेले' एवढेंच बाहेर सांगावयाचें असें वडीलमंडळींनीं ठरविलें. तसबिरी पेटींत गेल्या. पुढच्या पिढीस असा कोणी चुलता होता हेंच अंधुक ठाऊक राहिलें. बाईंनीं लिहिलें होतें, कीं लग्नानंतर त्या स्वतःच दोन वर्षें त्यांचें ताट माडीवर नेऊन देत असत, आणि तरीही मुलांपाशीं त्यांचें नांव त्यांनीं कधीं काढलें नाहीं.

या घरास दोष देण्यासाठीं आम्ही हें सांगत नाहीं. अशी एखादी बंद खोली ज्याच्या आठवणींत नाहीं असें मोठें घराणें विरळाच. आणि ज्या काळीं एका माणसाच्या दुखण्यानें सगळ्या बहिणींचीं स्थळें मोडत, त्या काळच्या माणसांनीं भीतीपोटीं केलेल्या गोष्टी आपण आज सहज तोलूं नयेत. पण जगांतील कोणत्याही शिबिराचा कोणताही डॉक्टर ही पेटी उघडूं शकत नाहीं. तिची किल्ली घरांतल्या वडीलधाऱ्या माणसांपाशींच असते.

बाईंनीं एका रविवारीं मुलास फोन करून सर्व सांगितलें. तो पुष्कळ वेळ बोलला नाहीं. मग, काकांचें नांव काय होतें, एवढेंच त्यानें विचारलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें दोन शिबिरांस दुरुस्त उत्तर धाडलें. हॉलंडच्या शिबिरानें चार दिवसांनीं सौम्य शब्दांत, पण स्पष्ट नकार कळविला आणि आपल्या डॉक्टरास हें सांगा असें सुचविलें. पेरूच्या शिबिरानें त्याच रात्रीं उत्तर दिलें, कीं कांहीं हरकत नाहीं, अवश्य या. आईच्या प्रश्नाचें उत्तर या दोन पत्रांनींच दिलें : तिहींपैकीं बरें तें, ज्यानें नकार दिला. ऑरेगॉनकडे त्यानें मग विचारणाच केली नाहीं.

मुलगा बरा झाला असें आम्ही लिहूं तर तें खोटें होईल. कांहीं आठवडे तो घरावर रागावून होता. काकांची हकीकत ऐकून त्याच्या डॉक्टरानें औषध बदललें, आणि दर आठवड्यास एका मानसोपचारतज्ज्ञाकडे बोलावयास जाण्याची व्यवस्था लावून दिली. अद्याप चांगले आणि वाईट असे दोन्ही दिवस येतात. पण वाईट दिवशीं तो आतां घरीं फोन करतो, असें बाई कळवितात. दिवाळीस तो आला तेव्हां पेटींतली एक तसबीर काढून त्यानें ती दिवाणखान्यांत आजोबांच्या शेजारीं लावली. कोणी हरकत घेतली नाहीं.

ज्या घरांत अशी पेटी आहे, त्यांनीं मुलांच्या हातीं एखादा अर्ज येण्याची वाट पाहूं नये. शिबिर कोणतें, औषध कोणतें, हे प्रश्न त्यानंतरचे.